पाहुण्याचा पाट

आमच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर एक सागवानी पाट कायम मांडलेला असे, आणि त्यावर बसायची हिंमत आमच्या मांजरातही नव्हती. बाबा सुतार. नाशिकला शरणपूरच्या अलीकडे एका लाकडाच्या वखारीत त्यांचं काम चाले आणि वखारीच्या मागच्याच चाळीत आम्ही राहायचो, त्यामुळं माझं सगळं बालपण करवतीच्या आवाजात आणि भुशाच्या वासात गेलं. भुसा इतका, की आईनं वरणाला फोडणी दिली तर आधी सागाचा वास यायचा आणि मग लसणाचा. बाबांनी आयुष्यात हजारो पेट्या ठोकल्या, द्राक्षांच्या, औषधांच्या, एकदा तर कुणा सर्कसवाल्याच्या अस्वलासाठीही, पण आमच्यासाठी म्हणून त्यांनी घरात साधं स्टूल केलं नाही. आम्ही सगळे गोणपाटावर बसायचो. पाट एकच, आणि तो पाहुण्याचा. चारी कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेली, कड गोल घासलेली, आणि जड तर एवढा की उचलायला तालमीतले दोन पैलवान बोलवावे लागले असते. आई तो रोज एका हातानं उचलून खालचं सारवायची, ती गोष्ट वेगळी.

पाहुणा म्हणजे येशू. पोरांच्या अंगात विश्वास कसा मुरवायचा यावर आमच्या घरात दोन पंथ होते. बाबांचा पंथ पाठांतराचा. शास्त्रातली वचनं त्यांना अशी पाठ होती की रंधा मारताना एक म्हणायला सुरुवात केली की फळी गुळगुळीत होईस्तोवर थांबत नसत. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत ते साऱ्या जगासाठी प्रार्थना करायचे, आधी चाळ, मग नाशिक, मग देश, मग दूरदूरचे राजेरजवाडे, आणि ते परत आमच्या घरापर्यंत येईतो वरणावर साय धरायची आणि मला एक झोप होऊन जायची. आईचा पंथ वेगळा. ती कळवणकडच्या एका खेड्यातली, जिथं चर्चचे पाळक सणासुदीला बैलगाडीतून येत. शाळेत ती कधी गेली नाही. तिचं म्हणणं एवढंच, "जो दिसत नाय, त्याला रोज वाढत जा. बाकीचं पोरांना आपसूक कळंल."

म्हणून रोज दुपारी पाटासमोर एक ताट वाढलं जायचं, आमच्या ताटांत असेल तेच, पण आधी. मग आई डोक्यावर पदर घेऊन दारात जाऊन उभी राहायची आणि रस्त्याकडं बघून म्हणायची, "या पाहुणे, पान वाढलंय." दार जेवण होईपर्यंत उघडं. जेवणं झाली की ते ताट, जो कोणी पहिला दारात येईल त्याचं. दूधवाला, भंगारवाला, पत्ता चुकलेला कुणी. एकदा चोरीच्या सागाची चौकशी करायला हवालदार आला, त्यानं ते ताट असं साफ केलं की चौकशी विसरून जाताना आमच्या मांजराचे आभार मानून गेला. पाटाचे नियमही होते. त्याच्याकडं पाय करायचे नाहीत, त्याला पाठ दाखवायची नाही आणि त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाही. हा शेवटचा नियम माझ्यासारखीला फार जड जायचा. मला काही रंगवून सांगायचं असलं की मी सगळ्यांना बाहेर पायरीवर बोलवायची.

शेजारच्या ताराकाकूंना हे सगळं ओळखीचं वाटे. त्या उंबऱ्यातून आईला माझ्या नावानं हाक मारून म्हणायच्या, "मार्थाची आई, आमच्यात ह्याला नैवेद्य म्हणतात." आतून बाबा गरजायचे, "नैवेद्य नव्हे ताराबाई, ताट!" "बरं बाबा, ताट. पण तुमचा देव जेवतो, का आमच्यासारखा नुसता बघतो?" "बघतो," आई म्हणायची, "अन् ही पोरगी बोलाय लागली की जास्तच बघतो."

पाळकसाहेबांना मात्र हे बिलकूल ओळखीचं वाटलं नाही. भेटीला आले तेव्हा त्यांनी पाट पाहिला, ताट पाहिलं, आणि चष्मा पुसून म्हणाले, "बाई, प्रभूला असं मोघम 'या पाहुणे' काय म्हणता? त्याचं नाव घ्या. स्पष्ट हाक मारा."

आईनं पदर दातात धरला. "मोठ्या माणसाला नावानं हाक मारू? मी ह्यांचं नाव कधी घेतलं नाय, अन् त्याचं घेऊ?"

"अहो, पण देवाला तर आपण 'तू' म्हणतो!"

"तुमची वळख जुनी असंल साहेब. मला नाय जमायचं." असं म्हणून तिनं त्यांना ठेचा वाढला. आईचा ठेचा असा होता की तो कुटताना पंचवटीतले कावळे आमची नाशिकची गंगा ओलांडून पळायचे. साहेबांचा पुढचा आक्षेप डोळ्यांतल्या पाण्याबरोबर वाहून गेला.

आज पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी नात मोबाईलवर बायबलच्या गोष्टीतल्या तारवातले हत्ती-जिराफ बघत जेवते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो, "आई, ती स्टोरी बघता बघता देवाचंच शिकतेय ना." शिकत असेल. आमच्या दाराला दोन कड्या आणि एक कॅमेरा आहे. बाहेर कोण उभं आहे हे आम्हाला आतूनच दिसतं, आणि ओळखीचं नसेल तर आम्ही उघडत नाही. मला कधी कधी वाटतं, हे बरंच आहे. कारण उघड्या दारातून काय काय येऊ शकतं हे मी पाहिलेलं आहे.

मी शाळेत असतानाच्या एका उन्हाळ्यात आईच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पेजही. ती घास तोंडात घेऊन बसून राहायची, डोळे विस्फारून, आणि मग मोरीत जाऊन टाकून यायची. दवाखान्यात डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, मान दाबली, लाल औषधाची बाटली दिली आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "आत काही दिसत नाही. पण असंच राहिलं तर मुंबईला हलवा, आणि फार थांबू नका. बाई अन्नावाचून जातील." बाबांनी हे तेव्हा आम्हाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांची प्रार्थना एकदम आखूड झाली. जग, देश, राजेरजवाडे सगळं गळालं, उरली आई. आणि मी माझं दर वेळचं तिखटमीठ बाजूला ठेवून सांगते, तिच्या बांगड्या वर सारल्या तर कोपरापर्यंत जायच्या. तरी पाहुण्याचं ताट ती वाढायचीच, आणि दारात जाऊन बोलवायचीही. फक्त आता ती चौकटीला धरून उभी राहायची.

माझा धाकटा भाऊ दानिएल, आमचा दानू, तेव्हा चार वर्षांचा असेल. तो मुळात बोलायचाच कमी. घरात मी असताना दुसऱ्या कुणाच्या वाट्याला शब्द उरतच नसत म्हणा. एका रविवारी आम्ही चर्चमधल्या उपासनेहून आलो, जेवायला बसलो. रविवारी वखार बंद, करवत बंद, आणि सवयीचा आवाज थांबला की कानात कापूस घातल्यासारखं व्हायचं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाबा डोळे मिटून भोजनाची प्रार्थना करत होते. मी नेहमीप्रमाणे एक डोळा उघडा ठेवून कालवणातले बटाटे कुणाकडं जास्त गेलेत ते बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दानूचे दोन्ही डोळे उघडे आहेत आणि तो आईच्या डोक्याच्या जरा वर बघतोय.

"आई," तो म्हणाला, "त्याला बस म्हण ना."

"कुणाला रं?"

"पाहुण्याला. तो उभाच हे."

बाबांचं आमेन अर्ध्यावर राहिलं. "कुठं उभा आहे, दानू?"

"आईच्या मागं."

आईच्या मागं भिंत होती. भिंत आणि आई यांच्यात हातभर जागा, तिथं पाण्याचा माठ. मी पाहिलं. माठावरचं फुलपात्र हललं नाही, माठातलं पाणी हललं नाही, कुठं थंड वारा आला नाही की काही नाही. इतकं काहीच झालं नाही की माझ्या पाठीवरून घाम ओघळला. आई मागं वळली नाही. तिनं हळूच खांदे सरळ केले, जसे मागं सासरा उभा असला की बायका करतात तसे, आणि म्हणाली, "जेवा रं."

त्यानंतर रोज दुपारी तेच. दानू आईच्या वर बघायचा, बघून झालं की जेवायला लागायचा. तो घाबरत नव्हता, आणि त्याचीच आम्हाला भीती वाटायची. बाबांनी एकदा त्याला मांडीवर घेऊन विचारलं, "आपल्या भिंतीवरच्या तसबिरीत आहे, तसाच दिसतो का?" दानूनं तसबिरीकडं नीट पाहून मान हलवली. "नाय. ह्याचे पाय धुळीचे हेत." "आणि करतो काय?" "काय नाय. आईच्या खांद्यावर हात ठेवतो." ताराकाकूंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हळू आवाजात, पण बाबांना ऐकू जाईल इतपत, म्हणाल्या, "असं मागं येऊन उभं राहतात ते न्यायलाच गं."

पुढच्या रविवारी बाबा उपासनेहून आले ते अंगातला कोट न काढताच अंगणात गेले आणि कुऱ्हाड घेऊन आत आले. सकाळी थापलेल्या भाकऱ्या आईनं ताटांत वाढल्या होत्या, पाहुण्याच्याही एक अख्खी. बाबा सरळ पाटाजवळ जाऊन उभे राहिले. "हा पाट फोडतो मी," ते म्हणाले. "आपणच रोज बोलावलं. दारात उभं राहून बोलावलं. आता आला न्यायला. बास झालं."

मला तोवर वाटायचं की बाबा कुणालाच भीत नाहीत. अस्वलाची पेटी करताना अस्वलाच्या छातीचं माप त्यांनी स्वतः हातानं घेतलं होतं, असं मी अख्ख्या शाळेला सांगितलेलं. तोच माणूस आता कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि आईच्या मागच्या भिंतीकडं बघायचं टाळत होता.

आई जागची उठली नाही. तेवढी ताकदच नव्हती तिच्यात. "ठेवा ती कुऱ्हाड," ती म्हणाली. "पोरांना जन्मापास्नं सांगितलं मी, की तो येतो. अन् आता आला म्हणताना त्याचा पाट फोडता? मग ह्यांनी पुढं कशावर विश्वास ठेवायचा?"

"तू राहिलीस तर ठेवतील ना विश्वास!"

"मी राहीन नायतर जाईन. ते त्याच्याकडं. पण घरी आलेल्याला असं कुऱ्हाड दावायची नाय." मग तिनं दानूला जवळ ओढलं. "दानू, त्याला विचार बाळा. रोज पाट मांडते मी, मग उभा का राहतो? बसत का नाय?"

दानूनं तिच्या खांद्यावरून वर पाहिलं. थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. मग त्यानं पाटाकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच मी त्याला घाबरलेलं पाहिलं. त्यानं आईच्या पदरात तोंड घातलं.

"कसा बसंल?" पदरातून आवाज आला. "पाटावर तो दुसरा बसलाय ना."

बाबा पाटाला अगदी लागून उभे होते. ते एक पाऊल मागं सरले, मग आणखी एक, आणि भिंतीला टेकले. आम्ही सगळे पाटाकडं बघत राहिलो. भरदुपार. दारातून ऊन आत आलेलं, पितळी फुलं चकाकत होती. तो रिकामा पाट मी जन्मभर पाहिलेला होता. पण त्या क्षणी त्याच्या वरची हवा मला अशी दिसली, जशी कुणीतरी श्वास रोखून बसलं की त्याच्याभोवतीची दिसते. यापेक्षा बरं मला सांगता येत नाही, आणि सांगण्यात मी कधी कमी पडलेली बाई नव्हे.

"कोण दुसरा?" आईनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ कुठं ठेवलंय विचारावं तसा.

"माहीत नाय. लय दिवस झाले. तो तुझ्याच ताटाकडं बघत असतो."

"माझ्या ताटाकडं कशाला? त्याच्या म्होरं भरलेलं ताट हे की."

"ते त्याचं नाय ना."

आईनं आवंढा गिळायचा प्रयत्न केला. "विचार त्याला, इथं कुणी बोलावलं."

दानूनं पदरातून एक डोळा बाहेर काढला. त्याचे ओठ हलले. मग तो आईच्या कानाशी गेला, पण घरात इतकं सामसूम होतं की सगळ्यांनाच ऐकू आलं. "तो म्हणतो, तूच बोलावती. रोज. दारात उभी राहून."

आमच्या दारावरून जाणारा रस्ता पुढं दोन वाटांना फुटायचा. एक गंगेवरच्या घाटाकडं, दुसरी आमच्या दफनभूमीकडं. कुणाचंही माणूस गेलं तरी शेवटचा प्रवास आमच्या दारावरून. लहानपणी मला तो आवाज पाठ होता, टाळांचा किंवा गीताचा, आणि मागून चपलांचा. आणि त्याच रस्त्याकडं तोंड करून आई वर्षानुवर्षं, डोक्यावर पदर घेऊन, आदरापोटी नाव गिळून म्हणत आली होती, या पाहुणे. त्या वाटेनं नेलेल्या कुणालाही वाटलं असतं, आपल्यालाच म्हणतेय.

आईलाही ते तेव्हाच उमगलं असावं. तिचा हात कपाळाकडं गेला.

"हाकल त्याला," बाबा भिंतीशी पुटपुटले. "प्रभूच्या नावानं हाकलून दे!"

"गप बसा!" आईनं जन्मात पहिल्यांदा बाबांना असं म्हटलं. "मी बोलावलं अन् मीच हाकलू? आमच्याकडं अशी रीत नाय. दुसऱ्याच्या नावाच्या भरल्या ताटाम्होरं उपाशी बसलाय बिचारा, बघंल नाय तर काय करील?" तिनं दम घेतला. "दुसरा पाट करा."

"आज? रविवार आहे."

"मग त्याला सोमवारपर्यंत तसाच बसवू?"

आणि ज्या माणसानं विश्रांतीच्या दिवशी कधी खिळा हातात धरला नव्हता, त्यानं त्या रविवारी भरदुपारी करवत काढली. वखारीला कुलूप, म्हणून अंगणात पडलेल्या द्राक्षांच्या पेटीची फळी घेतली. करवतीचा आवाज ऐकून चाळीची सगळी दारं उघडली. ताराकाकू ओरडल्या, "काय हो, कुणासाठी?" बाबा करवत चालवत राहिले. त्यांच्या गालांवर भुसा चिकटत होता, कारण गाल ओले होते. मी आत दारापाशी बसून होते आणि आई पाटाशी बोलत होती, हळूहळू, दम खात, जसं अनोळखी पाव्हण्याशी बोलतात. ऊन लय हे. होईल एवढ्यात. चुकलंच माझं, वळखलं नाय.

बाबांनी आणलेला पाट म्हणजे नुसती फळी आणि खाली दोन पट्ट्या. आईनं तो सागवानी पाटाशेजारी मांडला आणि त्यापुढं ताट वाढलं. भाकऱ्या ज्याच्या त्याच्या ताटात वाढून संपल्या होत्या. "भात घ्या," ती त्या फळीला म्हणाली, "भाकरी सरली." भात आणि कालवण, एवढंच होतं त्या ताटात. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग ती उठली. बाबा धरायला गेले तर तिनं हात झटकला. दारात जाऊन तिनं डोक्यावर पदर घेतला आणि उभी राहिली. किती तरी वेळ. तिचे ओठ उघडायचे आणि मिटायचे. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय न घेतलेली बाई ती. तिची मान लाजेनं लाल झालेली मला मागून दिसत होती.

"येशू," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "प्रभू येशू, या. तुमचं पान वाढलंय. अन् जे आधीच आलेत, त्यांनी सरकून बसा. तुमचं वेगळं वाढलंय."

आम्ही दानूकडं बघत होतो. तो आईच्या जागेकडं बघत होता, मग पाटाकडं, मग फळीकडं.

"बसला," तो म्हणाला.

"कोण?" बाबांनी विचारलं.

"दोघंबी."

आई येऊन बसली, तिनं दानूला मांडीत घेतलं आणि त्याचे दोन्ही हात डाव्या मुठीत धरले. उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला. आमच्यापैकी कुणीच जेवत नव्हतं. तिचा गळा हलला. आम्हाला तो घास उतरल्याचा आवाज ऐकू आला. मग दुसरा. बाबा रडत होते. "आता कुणी तुझ्याकडं बघत नाय," दानू म्हणाला, आणि त्याला भूक लागली; आईनं त्यालाही आपल्याच हातानं भरवलं.

डॉक्टर म्हणाले, लाल औषध लागू पडलं. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना ऐकली गेली. ताराकाकूंनी आठवडाभर आमच्या दाराकडं बघितलं नाही आणि मग एके दिवशी शेंगोळे घेऊन आल्या, दोन वाट्यांत. आई पुढं इतकी म्हातारी झाली की देवदूत तिच्या नावाची यादी दोनदा हरवून बसले असावेत. दानू आता निवृत्त होऊन पुण्यात असतो. परवा फोनवर मी हे काढलं तर म्हणाला, "ताई, तू हे रचलंस. मला काहीच आठवत नाही." नसेल आठवत. त्याला दाखवायचं होतं ते तो दाखवून मोकळा झाला.

पण एक गोष्ट त्याला माहीतच नाही, कारण ती मी कुणाला सांगितली नव्हती. त्या दुपारी ताटं उचलायचं काम माझ्याकडं आलं. आई गोणपाटावर आडवी झाली होती, दानू तिच्या कुशीत, बाबा अंगणात भुसा झाडत होते. जेवणभर कुणी जागचं उठलं नव्हतं आणि दानूचे हात तर आईच्या मुठीत होते. मी आधी सागवानी पाटापुढचं ताट उचललं. त्यात अर्धीच भाकरी होती. उरलेली अर्धी फळीपुढच्या ताटात होती, भाताच्या शेजारी, कडेला नीट ठेवलेली.

दारात कुणी येईल म्हणून मी थांबले नाही. ती अर्धी मी उचलली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. बाजरीचीच होती. मीठ जरा कमी. आणि तव्यावरून आत्ताच उतरवावी तशी गरम.